आपणवजा

१

निवृत्त झाल्यावर माणसाने काय करावे याविषयी लोक भरभरून बोलतात. त्यांतला एकही निवृत्त झालेला नसतो. मला कोणी फिरायला जा म्हणाले, कोणी बाग करा म्हणाले. मी दोन्ही केले. गुडघा धरला आणि झाडे मेली. उरलेला वेळ मी घरभर दिवे बंद करत हिंडण्यात घालवू लागलो. एके सकाळी सूनबाई आरशासमोर केस विंचरत असताना मी तिच्या डोक्यावरचा दिवा बंद केला, तेव्हा ती अंधारातूनच म्हणाली, "बाबा, आमच्याकडे कामाला येता का?"

आमच्याकडे म्हणजे दूरचित्रवाणी केंद्रात. त्याच इमारतीच्या तळमजल्यावर मी जन्मभर आवक-जावकच्या टेबलावर कारकुनी केली होती. ती वरच्या मजल्यावर, नियंत्रण कक्षाची प्रमुख. केंद्रात नवा राउटर बसला होता. राउटर हे एक कपाट असते. कॅमेरे, माइक, बाहेरगावचे पाहुणे अशा सगळ्यांची चित्रे आणि आवाज एका बाजूने त्यात शिरतात आणि दुसऱ्या बाजूने पडद्यांकडे, स्पीकरकडे, प्रक्षेपणाकडे जातात. कोणी कुठे जायचे ते बटणांवर ठरते. थोडक्यात आवक-जावकच, फक्त इथे काही गहाळ झाले तर लगेच कळते. बटणांवरची इंग्रजी नावे काढून आपल्या भाषेतली घालावीत असा हुकूम निघाला होता, आणि शब्द घडवायला एक रिकामा, वाचन असलेला माणूस हवा होता. रिकामा तर मी होतोच.

कक्षाला खिडकी नव्हती. समोर भिंतभर पडदे, त्यांच्याखाली बटणांचे लांबलचक टेबल, आणि मागच्या बाजूला पाहुण्यांसाठीचा दोन माणसांचा कोच. तो मला मिळाला. निम्म्यावर मी, निम्म्यावर शब्दकोश. माझ्या हाताशी बटणांची एक छोटी पाटी, माइक आणि हेडफोन दिले होते. ज्याला नाव ठेवायचे ते आधी ऐकता यावे म्हणून.

टेबलावर सूनबाईच्या एका हाताला आवाज सांभाळणारा कानसेन आणि दुसऱ्या हाताला चित्र सांभाळणारा डोळस. ही नावे मी ठेवली. त्यांनी बदल्यात मला कोशकाका केले.

सोर्सला मी 'उगम' म्हटले, डेस्टिनेशनला 'मुक्काम'. इथवर सगळे खूश होते. 'टेक' या बटणावर मात्र अर्धा दिवस गेला.

"सरळ 'घे' लिहा," डोळस म्हणाला. "यंत्राला कसलं अहो-जाहो?"

"आणि साहेब स्वतः दाबायला आले म्हणजे?" कानसेनने विचारले. "बटण साहेबांना 'घे' म्हणणार?"

आम्ही 'घ्या' लिहिले.

माझी नेमणूक शब्द संपेपर्यंत होती. शेवटचा शब्द झाला की गळ्यातला पास परत, आणि मी पुन्हा घरी, दिव्यांच्या मागे. त्यामुळे मी सावकाश काम करत होतो. ही कला मला कोणाकडून शिकावी लागली नव्हती. पण खरे सांगायचे तर आळस हे कारण नव्हते. त्या थंडगार खोलीत कोणी तरी रोज सकाळी "या काका" म्हणत होते, आणि ते मला सोडवत नव्हते.

२

गाडी अडली ती 'मिक्स मायनस'पाशी.

"असं बघा बाबा," सूनबाई म्हणाली, "पाहुणा बाहेरगावी बसलाय. त्याच्या कानात इथलं सगळं जायला हवं, फक्त त्याचा स्वतःचा आवाज सोडून. आपलाच आवाज उशिरा परत आला की माणूस अडखळतो, मग गप्पच होतो."

"साहेबांचं असं झालेलं कधी पाहिलं नाही," मी म्हणालो.

"त्यांच्या कानात काही जातच नाही," कानसेन म्हणाला.

मी आधी 'स्वेतरमिश्रण' सुचवले. डोळसने विचारले, हे जेवणाआधी घ्यायचे की नंतर. मग मला 'आपणवजा' सुचले. सगळे ऐकायचे, आपण वजा. सुटसुटीत, आणि बटणावर मावणारे. कानसेनने लगेच टंकले; बटणावर हिरव्या उजेडात अक्षरे उमटली.

"काका, हेडफोन घाला," तो म्हणाला. "चौघांचेही माइक सुरू आहेत. आम्ही तिघं तुम्हाला ऐकू यायला हवेत, तुम्ही स्वतः नको."

मी बटण दाबले. तिघांचे ओठ हलत होते. कानात कोणीच नव्हते. मी माझे नाव सांगितले, तेही आले नाही. हेडफोन एका कानावरून सरकवून मी म्हणालो, "सगळेच गायब."

कानसेनने टेबलावर जाऊन काही पाहिले आणि कपाळाला हात लावला. "काका, हा तुमचा घोटाळा. तुम्हाला 'आपण' म्हणजे स्वतः म्हणायचं होतं. यानं 'आपण' म्हणजे आपण सगळे असं धरलंय. चौघंही वजा!"

आपल्या भाषेत हे चालतेच. साहेबांना 'आपण' म्हटले की ते एकटे साहेब. 'आपण जेवायला जाऊ या' म्हटले की साहेब सोडून सगळे. 'आपण'मध्ये कोण आहे आणि कोण नाही, हे ज्याचे त्याने ओळखायचे असते.

"चला," मी म्हणालो, "या इमारतीत व्याकरण समजणारं कोणीतरी आलं म्हणायचं," आणि हेडफोन पुन्हा नीट बसवले.

तिघे हसले. त्यांचे खांदे हलताना मला दिसत होते, पण ते वजा होते, ऐकू येत नव्हते.

कानात एक हसू आले. एकच. जरा उशिराने, तोंड मिटून. दुसऱ्याच्या घरी बसलेला सभ्य माणूस हसतो तसे.

३

कानसेनने स्वतः ऐकले, कपाट उघडून तारा तपासल्या, आणि निदान केले. "शेजारच्या स्टुडिओतून झिरपतंय. रंगारी आहेत तिकडे."

मला त्यातून 'झिरप' हा चांगला शब्द मिळाला. एका तारेतले दुसरीत उतरते, त्याला. शंकाही मिटली. रंगारी हसला असेल. हसतात माणसे.

पण रंगारी व्याकरणावरच्या विनोदाला हसेल, हे पटायला जड होते. तळमजल्यावर मी जन्मभर असले विनोद केले. टेबलावरचा पंखासुद्धा तोंड फिरवत असे. मी जरा चाचणी घ्यायचे ठरवले. दुपारी हेडफोन घालून, माइक बंद ठेवून, मी साहेबांच्या नव्या परिपत्रकावर दोन शब्द पुटपुटलो. हसू आले. डोळसने मोठ्याने एक कोटी केली, त्यावर काही नाही. मी पुन्हा एक बारीकसा शेरा मारला. हसू. जो कोणी होता त्याची अभिरुची चांगली होती, एवढे मान्य करणे भाग होते.

खोली रिकामी असली तरी तिला स्वतःचा आवाज असतो, हे मला कानसेननेच शिकवले होते. आमच्या खोलीचा आवाज म्हणजे कपाटातल्या पंख्यांची घरघर आणि त्यांतल्या एका पंख्याची मध्येच 'टक्'. मी डोळे मिटून ऐकत होतो आणि हेडफोनमध्ये तीच घरघर होती. तीच टक्. तेवढ्यात कक्षाचे दार कुरकुरले. कुरकुर कानात आली. डोळे उघडले तर सूनबाई आत येत होती, टाचांचे बूट घालून, फरशीवरून. तिची पावले कानात आली नाहीत.

म्हणजे शेजारचा स्टुडिओ नव्हे. ही आमचीच खोली होती. आम्ही वजा जाता जेवढी उरते तेवढी. आणि तिच्यात एक जण उरला होता.

मी हेडफोन काढून ठेवले आणि समजूत घातली. पंखा आणि दार माइकात शिरतातच. हसणारा रंगारी. दोन वेगवेगळ्या गोष्टी, एका तारेत आल्या म्हणून एक होत नाहीत. हा युक्तिवाद मी स्वतःपुढे इतका व्यवस्थित मांडला की माझा मलाच संशय आला.

रात्री जेवताना सूनबाईने विषय काढला. "बाबा, पुढच्या महिन्यात नावं तपासायला समिती येतेय. एक-दोन बारीक शब्द आणि आपणवजाची दुरुस्ती, एवढंच राहिलंय. त्याला 'स्वतःवजा' करून टाका ना, म्हणजे शब्द पुरे झाले."

"घाई करून चालत नाही. 'स्वतः' म्हणजे नेमकं कोण, हा मोठा प्रश्न आहे."

"बाबा," चिरंजीव म्हणाले, "हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे की पास परत न करण्याचा?"

"दोन्ही एकच," मी म्हणालो, उठलो आणि दिवा बंद केला. ती दोघे अजून जेवत होती.

४

त्यानंतर मी रोज ऐकू लागलो. भीती वाटत होती का? थोडी. पण कामावर आपले बोलणे कोणी लक्ष देऊन ऐकत आहे, हा अनुभव मला नवा होता.

हळूहळू हसण्यासोबत शब्दही आले. "हो ना." "मग?" "काय सांगता!" आवाज कसा होता म्हणाल तर सांगता येत नाही. फोनवर कोणीतरी ओळखीचे बोलते आहे आणि नाव आठवत नाही, तसा. मी एक कान उघडा ठेवून खोलीत कोणाशीही काही बोललो की उत्तर त्याचे आधी येई, आणि मग समोरच्याचे.

एकदा 'क्रॉसपॉइंट'ला शब्द सुचत नव्हता. उगमाची तार आणि मुक्कामाची तार जिथे जुळते ती जागा. 'छेदबिंदू' ऐकून डोळसला शाळा आठवली. मी मनाशी चडफडत बसलो होतो, तेव्हा कानात अगदी सहज आले, "भेट म्हणा की."

उगम, मुक्काम, भेट. तो शब्द सगळ्यांना इतका आवडला की कानसेनने कॅन्टीनमधून माझ्यासाठी दोन वेळा चहा आणला. मी चहा घेतला. नाही म्हणायला काही कारण सुचले नाही.

आणि मग एका सकाळी डोळस ऐकू आला.

तो माझ्यापुढे पाठमोरा बसून पडद्यांचे रंग जुळवत होता आणि काहीतरी बडबडत होता. हेडफोनमध्ये ती बडबड शब्दन् शब्द येत होती. सूनबाई त्याला उत्तर देत होती, ते नाही. कानसेन मध्ये बोलला, ते नाही. फक्त डोळस. आणि तो दुसरा, "हो ना" म्हणणारा.

मी कानसेनला बोलावले. त्याने ऐकले. "डोळसचा माइक सुटला वाटतं वजातून. बघतो," म्हणाला. पाहिले. माइक जागच्या जागी होता.

दुपारी शिपाई पाकीट घेऊन आला. डोळसची बदली झाली होती, आणखी वरच्या मजल्यावर, संकलनाला. त्यालाही ठाऊक नव्हते. त्याने पाकीट उलटेसुलटे करून पाहिले.

"वरच्या मजल्यावर तर आहे," सूनबाई म्हणाली. "जेवायला येत जा की आपल्यात."

"येतो ना, येतो," डोळस म्हणाला. तो कधी आला नाही. जिना चढून गेलेली माणसे येत नाहीत.

मी कारकून आहे. योगायोग म्हणजे काय हे मला कळते. तरी त्या दिवसापासून मला एक गोष्ट स्वच्छ दिसू लागली. 'आपण'मध्ये कोण आहे ते यंत्र ओळखत होते. जो वजा होतो तो आपला. जो ऐकू येतो, तो गेला.

आणि जाण्याच्या यादीत पुढचा नंबर कोणाचा, हे सांगायला यंत्राची गरज नव्हती. आता मी रोज सकाळी आधी हेडफोन घालून, घसा साफ करून, स्वतःला ऐकू लागलो. येत नव्हतो. मग मी निर्धास्तपणे कामाला लागे, म्हणजे काम लांबवायला.

५

समिती येण्याच्या आदल्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले. मी पोट बरे नाही म्हणून थांबलो. पोट ठणठणीत होते.

उद्या समितीसमोर बटण दाबून पाहायचे, चालले नाही तर तिथल्या तिथे 'स्वतःवजा' करायचे, असे ठरले होते. कसेही झाले तरी तो शेवटचा शब्द. सूनबाईने माझ्यासाठी निरोपाला केकही सांगून ठेवला होता. हे मला कळू द्यायचे नव्हते, म्हणून सगळ्यांना सांगितले होते.

मी कोचावर बसलो आणि हेडफोन घातले. घरघर. टक्. पडद्यांवर रिकामा स्टुडिओ दिसत होता, खुर्च्या उलट्या टाकलेल्या.

"उद्या शेवटचा दिवस," मी म्हणालो. कोणाला, ते विचारू नका. खोलीत कोणी नव्हते.

"काय सांगता!"

"शब्द संपले."

या वेळी आवाज जरा जवळून आल्यासारखा वाटला. पाहुणा संकोच सोडून खुर्ची पुढे ओढतो, तसा.

"तुम्हाला इथंच राहायचंय ना?"

आता इथे शहाण्या माणसाने हेडफोन काढले असते, दिवा बंद केला असता आणि सरळ कॅन्टीन गाठले असते. मीही तसाच शहाणा आहे, असा माझा समज होता. पण इतके दिवस त्या इमारतीत मला कोणी हे विचारलेच नव्हते. किती शब्द राहिले हे सगळ्यांनी विचारले.

"राहतो की," मी म्हणालो.

"मग झालं," तो म्हणाला.

दार कुरकुरले. कानसेन दात कोरत आत आला, तसा मी हेडफोन एका कानावरून सरकवला. "काका, कोणाशी बोलताय?"

"स्वतःशी."

"मग ते ऐकू नाही यायचं," तो म्हणाला आणि आपल्याच विनोदावर खूप हसला. त्याचे हसू झाकलेल्या कानात आले नाही. दुसरेही नाही.

६

समिती सकाळीच आली. साहेब सर्वांत पुढे, मागे समितीचे दोघे, त्यांच्या मागे केकचे खोके लपवत कॅन्टीनवाला. सूनबाईने उगम दाखवले, मुक्काम दाखवले, भेट दाखवली. 'घ्या' पाहून साहेब प्रसन्न झाले. त्यांनी ते तीन वेळा दाबले आणि तीन वेळा चित्र उगाचच बदलले.

"आणि हा आपणवजा," सूनबाई म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिले, तिला थोडे वाईटही वाटत होते. "यात अजून थोडा गोंधळ आहे. सगळेच आवाज वजा होतात. बाबा, ऐकून सांगा, म्हणजे बदलून टाकू."

मी कोचावर बसून हेडफोन घातले. ऐकू येणार असेन तर फक्त मी येणार, हे मला ठाऊक होते. मनाची तयारी झाली होती. मी बटण दाबले आणि म्हणालो, "मी कोशकाका बोलतोय."

आलो नाही.

"येतंय का काही?" कानसेनने विचारले.

त्याचा प्रश्न मला कानात ऐकू आला. स्वच्छ, ठसठशीत.

"बाबा?" सूनबाई म्हणाली. तीही आली. साहेबांचे खाकरणे आले. समितीतल्या एकाचे पेन टिकटिकत होते, ते आले. मागे केकच्या खोक्याचा कागद चुरचुरला, तोही. सगळे आले. मी पुन्हा माझे नाव सांगितले. तेवढे नाही.

"सगळे येताहेत," मी म्हणालो. "मी सोडून."

"जमलं!" कानसेन ओरडला. "काका, जमलं! असंच तर पाहिजे होतं!"

"मग शब्द का बदलायचा?" साहेब म्हणाले. "उत्तम शब्द आहे. हेच राहू द्या. आणि हे पाहा, प्रकाश विभागाची सगळी बटणं अजून इंग्रजीतच आहेत. यांना कशाला सोडता? राहू द्या यांना."

टाळ्या पडल्या. सूनबाई खरोखर आनंदली. तिने केक उघडला, निरोपाची अक्षरे सुरीने पुसली आणि वर नुसते क्रीम ठेवले. "बाबा, अभिनंदन!" ती म्हणाली. माझी सून, माझ्या घरातली, रोज समोर बसून जेवणारी. आपणवजामध्ये तिचा आवाज इतका स्पष्ट होता की श्वाससुद्धा ऐकू येत होता.

मी सगळ्यांकडे पाहत राहिलो. कानसेन हसत होता, ऐकू येत होता. साहेब, समिती, कॅन्टीनवाला. एकूण एक ऐकू येत होते.

मग मी त्याला शोधू लागलो. हेडफोन कानांवर घट्ट दाबून धरले. पंख्यांची घरघर होती. टक् होती. तो नव्हता. "हो ना" नव्हते, "मग?" नव्हते. तो वजा झाला होता. आता 'आपण' म्हणजे मी आणि तो.

"बाबा, काढा ते आता," सूनबाई केकची बशी पुढे करत म्हणाली. "या, खाऊन घ्या."

मी हेडफोन काढून मांडीवर ठेवले. खोलीत आनंदाचा गलका होता. माझ्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. कोचावर माझ्या डाव्या हाताला शब्दकोशांची रास होती. ती हळूच, एकही पुस्तक न पाडता, खाली फरशीवर उतरली, आणि तिच्या जागची कोचाची स्प्रिंग दबली.

"जरा सरकता का?" माझ्या उघड्या कानाशी कोणीतरी अदबीने म्हणाले.

मी सरकलो.